मालवणात किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचं आहे, पण बाबांच्या गुडघ्यासकट. मदत हवी आहे

पुणेरी_पावलं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात बाबांना घेऊन मालवणला चार मुक्काम करायचे आहेत. बाबा ७४ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता सपाट रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ मिळून चारेक किलोमीटर सहज चालतात, जिन्याला मात्र कुरकुर. तरुणपणी ते बँकेच्या नोकरीत दोन वर्षं मालवणला होते. आईला दाखवायचं राहून गेलं, तेव्हा आता मला दाखवणार आहेत.

आम्हाला स्कूबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन यातलं काही नको. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाण्याच्या कडेने चालायचं, दमलो की बसायचं, एवढाच कार्यक्रम. गाडी आणणार नाही. बाबांचं म्हणणं, पूर्वी ते बंदरावरून थेट तारकर्लीपर्यंत वाळूतून चालत जायचे आणि तिथे चहा पिऊन परत यायचे. ते आता जमेल का? वाळू कुठे घट्ट आहे, कुठे खडक आहेत, आणि अर्ध्यात कंटाळा आला तर रिक्षा कुठे मिळेल?

दत्तजयंती आमच्या घरी असते. पाहुण्यांचं आवरून सहा-सात दिवसांनी निघू. म्हणजे गर्दीही नाताळच्या आधीची, कमी. बरोबर ना?

खाडीकाठ

ताई, बाकी सगळं नंतर. तारीख बदलता आली तर आधी ती बदला.

दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा. तिच्यानंतर सहा-सात दिवस म्हणजे तुम्ही सप्तमी-अष्टमीला पोचणार. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी, म्हणजे सहा. सकाळी सहाला पूर्ण भरती आणि संध्याकाळी सहाच्या पुढेही पूर्ण भरती. काकांना नेमकं ज्या वेळी चालायचं, त्याच वेळी पाणी वर आलेलं असणार. राहते ती वरची भुसभुशीत, उतरती वाळू. पाय घोट्यापर्यंत रुततो. चांगला गुडघा असलेल्या माणसाचीही अर्ध्या तासात पोटरी भरून येते. आणि पूर्ण ओहोटी होणार दुपारी बाराला, डोक्यावर ऊन घेऊन.

त्यापेक्षा अमावास्या धरा. तेव्हा भरती सकाळी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला. डिसेंबरात सूर्य सहाच्या जवळपास बुडतो. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू फरशीसारखी, आणि समोर मावळतीचा प्रकाश. त्रयोदशीला या, प्रतिपदा-द्वितीयेला परत जा. अमावास्येला उधाण असतं म्हणून लोक उगाच घाबरतात. उधाणाला पाणी वर जास्त चढतं, तसंच खालीही जास्त उतरतं. तुम्हाला ते खाली उतरलेलंच हवं आहे.

पाऊणपटीचा हिशोब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, शेवटचा शब्द त्याचा.

पुणेरी_पावलं

बापरे. मी हॉटेलांचे दर बघून तारीख ठरवत होते, पंचांग बघून नाही. तिकिटं अजून काढलेली नाहीत, नशीब. एक बाळबोध प्रश्न: सकाळचं काय? अमावास्येला सकाळी चालायला किनारा मिळेल ना?

खाडीकाठ

मिळेल. पहाटे पाचच्या आसपासही ओहोटी असतेच, दिवसातून दोनदा. सात वाजता निघालात तर पाणी चढायला लागलेलं असतं, पण साडेआठपर्यंत ओली पट्टी हाताशी असते. सूर्य माडांच्या मागून येतो, त्यामुळे तासभर सावलीत चालता. परतताना पाणी जवळ आलं की वर व्हा, हट्ट नको.

चिवल्याचो

मी मालवणचाच. काकांची बंदर ते तारकर्ली वाट अजून आहे. फक्त बंदरापासून लगेच वाळू धरू नका. जेटीजवळ किल्ल्याच्या होड्या, फेरीवाले आणि फोटोवाले, तिथे चालणं होत नाही. रिक्षाने दांडीला दांडेश्वराच्या देवळापाशी उतरा आणि तिथून दक्षिणेला वळा. दांडी, वायरी, तारकर्ली सलग वाळू आहे, पाचेक किलोमीटर. काकांना एका दमात नको. पहिल्या दिवशी वायरीपर्यंत जाऊन वर गावात रस्त्यावर या, रिक्षा मिळते. दुसऱ्या दिवशी तारकर्लीला उतरून उलट्या दिशेने या. दोन तुकडे जोडले की वाट पूर्ण झाली, कोण मोजायला बसलंय!

दांडीला सिंधुदुर्ग किल्ला सतत उजव्या हाताला राहतो. निघण्याआधी मोरयाचा धोंडा बघा. १६६४ साली किल्ल्याचं काम सुरू करण्याआधी महाराजांनी तिथे पूजा केली, खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. कट्ट्याशी बसायला जागाही आहे.

दांडीत एक सांभाळा: होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांचे दोर वाळूत पसरलेले, कधी कधी अर्धे पुरलेले. काका आकाशाकडे बघत चालणारे असतील तर तुम्ही खाली बघा.

कातळपाय

रॉक गार्डनबद्दल कोणीच बोललं नाही. सूर्यास्ताला सगळं गाव तिथे असतं. बाग आणि कठडा ठीक आहे, तिथे काकांना खुशाल बसवा. पण ओहोटीला कातळ उघडा पडला की लोक खाली उतरतात, डबक्यांतले मासे आणि प्रवाळ बघायला. शेवाळाने तो कातळ साबणासारखा होतो आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. माझ्या तळपायावर तीन टाके आहेत, मी चाळिशीतला धडधाकट माणूस आहे. काकांनी उतरू नये. तुम्ही उतरलात तर प्रवाळावर पाय देऊ नका, इथलं समुद्री अभयारण्य १९८७ पासूनचं आहे.

चिवल्याचो

बरोबर बोललास. उत्तरेला जायचं तर सरळ चिवल्याला. चंद्रकोरीसारखा किनारा, लांबी बेताची, मागे माड आणि घरं. काकांसाठी माझ्या मते हाच रोजचा किनारा, तारकर्ली एखाद्या दिवसाची. सकाळी रापण ओढत असतील तर थांबा. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत येतात, जाळं वर यायला बराच वेळ लागतो, काकांचा आराम आपोआप होतो. रापणीनंतर वाळूत टाकलेली बारीक मासळी पडलेली असते. तिच्यात शेंगटी असते, तिचा काटा मेलेल्या माशाचाही पायात गेला तर ठणका रात्रभर. म्हणून अनवाणी चालणं रापणीच्या जागेपासून लांब.

आणि हो, चिवल्याला डिसेंबरात पोहण्याच्या स्पर्धा असतात. त्या शनिवार-रविवारी खोलीही मिळत नाही आणि शांतताही. बुकिंग करताना घरमालकाला विचारून घ्या.

माहेर_देवबाग

गुडघ्यासाठी एक माझ्याकडून, आईला फिरवून शिकलेलं. किनारा पाण्याकडे उतरता असतो. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजवीकडे, म्हणजे उजवा पाय खाली आणि डावा वर. परतताना उलट. तुमच्या बाबांचा डावा गुडघा नाजूक, तेव्हा कोणत्या दिशेला दुखतं ते पहिल्या दिवशी दहा-दहा मिनिटं चालून बघा आणि ज्या दिशेला बरं वाटतं तिकडे चालत जाऊन येताना रिक्षा करा. आम्ही दोन दिवस उगाच गुडघ्याला तेल चोळत बसलो, दोष उताराचा होता. पूर्ण ओहोटीला खालची पट्टी सपाट होते, तिथे हा त्रास फारसा नाही. साध्या काठीचं टोक रुततं. खाली रुंद रबर असलेली घ्या.

देवबागला संगमापर्यंत पायी जाऊ नका. समुद्राच्या बाजूला धूप थांबवायला ठिकठिकाणी दगड टाकलेत, तिथे वाळूची वाट तुटते. एसटीने जा किंवा रिक्षाने. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये आमचं गाव, हे बघायला मात्र जाच.

भटक्या_७१

पद्मगड! ओहोटीला दांडीवरून चालत जाता येतं. समुद्रातून चालत किल्ल्यावर, याच्यासारखी मजा नाही!

खाडीकाठ

भटक्याभाऊ, मजा आहे, पण ७४ वर्षांच्या काकांना नको. मी स्वतः तिथे देवळाशी गप्पा मारत बसलो आणि परतताना कमरेइतक्या पाण्यातून चप्पल डोक्यावर धरून आलो. पाणी समोरून येत नाही, बाजूने भरतं. कळेपर्यंत वाट गेलेली असते. ताई, तुम्हाला जायचं असेल तर तिथल्या कोळ्यांना विचारून, ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघून, आणि काकांना धोंड्यापाशी बसवून.

पुणेरी_पावलं

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला बेत असा: त्रयोदशीला पोचतो. मुक्काम चिवल्याला, सकाळी चिवला, संध्याकाळी एकदा दांडी ते वायरी आणि एकदा तारकर्लीहून उलटं. देवबाग एसटीने. पद्मगड मी एकटी, आणि तेही कोणी सोबत मिळालं तर.

बाबांना धागा वाचून दाखवला. पाऊणपट ऐकल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आहे. काल जेवताना म्हणाले, "आत्ता मालवणला ओहोटी लागली." पुण्यात बसून! वायरीचं नाव ऐकून त्यांना तिथल्या एका विहिरीची आठवण झाली, ती कुठे होती ते मात्र आठवत नाही.

त्यांचा एक प्रश्न आहे, मी टाइप करते आहे: अमावास्येला रात्री सव्वाअकराला भरती असेल, तर चिवल्याला खोलीत आवाज येतो का?

चिवल्याचो

काका, माडातल्या पहिल्या रांगेच्या घरात येता. खिडकी उघडी ठेवा, पंखो बंद करा.