मदत हवी आहे: बेलारूसी बोलणाऱ्या काल्पनिक प्रांताची नावं देवनागरीत कशी लिहू?

नमस्कार मंडळी. एका कथामालेसाठी पूर्व पोलंडमध्ये, ब्याविस्तोकच्या आसपास, एक स्वायत्त प्रांत कल्पिला आहे. बहुसंख्य लोक बेलारूसी बोलतात, शेजारी बियावोव्हिएझाचं जंगल आणि त्यातले गवे. (गवे म्हणजे युरोपियन बायसन, आपले नव्हेत.) खरा इतिहास असा, की 1939 मध्ये सोव्हिएतांनी हा पट्टा बेलारूसला जोडला आणि युद्धानंतर त्यातला बराचसा पोलंडला परत गेला. माझ्या कथेत पोलंडने परत घेताना स्वायत्तता दिली.

राजकारण जमतंय, अडलंय नावांवर. हाइनूफ्का हा पोलिश उच्चार; बेलारूसीत तेच गाव हायनाव्का. त्यातला 'व' ओठांवरच विरघळतो, आपल्या 'देव'मधल्या शेवटच्या 'व'सारखा. मग हायनाव्का लिहू की हायनाउका? 'चाक'मधला 'च' त्यांच्याकडेही आहे, पण देवनागरीत तो 'चार'मधल्यापासून वेगळा कसा दाखवायचा? नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) दिला तर वाचक वैतागतील, असं मला वाटतं.

दुसरं, सरकारी लिपी सिरिलिक (रशियनसारखी) ठेवू की बेलारूसी लॅटिन (रोमन अक्षरांची)? आणि सिरिलिक असेल तर 1933 च्या सुधारणेआधीचं शुद्धलेखन चालेल ना? सोव्हिएत सुधारणा या प्रांताने का मानावी?

तिकडे राहिलेलं किंवा रशियन-पोलिश शिकलेलं कुणी आहे का? पाट्यांवरची दोनचार नावं तपासून दिलीत तरी पुरे.