मदत हवी आहे: मागच्या चाकाचे आरे (स्पोक) तुटतायत, उद्या सकाळी निघायचंय

एकटा_पेडल
मंडळी, घाईत लिहितोय. फोन ३० टक्क्यांवर आलाय आणि पॉवर बँक संपलीय. कोकण किनाऱ्याने सायकलवर निघालोय, गोव्यापर्यंत जायचंय. काल एक आरा तुटला, आज दुपारी चढावर दुसरा. चाक डुलतंय आणि ब्रेकला घासतंय. इथल्या एका दुकानात दाखवलं तर "गिअरच्या सायकलचं आमच्याकडे होत नाही" म्हणाले. रजा मोजून काढलीय, त्यामुळे उद्या सकाळी निघायलाच हवं. दोन आऱ्यांविना पुढे गेलो तर चालेल का? "तयारी करून निघायला हवं होतं" हे कृपया कुणी लिहू नका.

नेने_सायकलवाले
तुम्ही आहात कुठे? कोकण किनारा म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर. सायकल कुठली, मागे किती गिअर, तुटलेले आरे कुठल्या बाजूचे, सामान किती? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

दर्यावर्दी
छान मार्ग निवडलात! खाडी ओलांडायच्या फेरीबोटींच्या जेट्ट्या नीट लक्षात ठेवा. आगरदांडा ते दिघी, मग बागमांडला ते वेसवी, मग दाभोळ ते धोपावे, मग तवसाळ ते जयगड. शेवटी तेरेखोल ओलांडलं की केरीला गोवा. सगळीकडे सायकल चढवतात, अडचण येत नाही. फक्त शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. आम्ही एकदा वेसवीला उतरलो तेव्हा अंधार पडला होता आणि पुढचा चढ टॉर्चवर काढला.

एकटा_पेडल
दर्यावर्दी, पहिल्या तीन जेट्ट्या झाल्या माझ्या. प्रश्न चाकाचा आहे.
नेनेकाका, गुहागरला आहे. हायब्रिड सायकल. सामान नेहमीचंच. बाजू म्हणजे?

बुलेटराजा
अहो, कशाला एवढा त्रास? मोटारसायकलवर हाच रस्ता दोन दिवसांत होतो.

नेने_सायकलवाले
बाजू म्हणजे साखळीची उजवी की मोकळी डावी. मागे गिअरची चक्रं किती ते मोजून सांगा, सात की आठ की नऊ. "नेहमीचं सामान" म्हणजे किती किलो? आणि आरा तुटलाय कुठे: रिमजवळ निपलपाशी (आरा आवळायच्या छोट्या नटापाशी), मध्ये, की हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) जिथे वाकवलेला असतो तिथे? तुमचं उत्तर याच चार गोष्टींत आहे.

एकटा_पेडल
आत्ता जाऊन मोजलं. दोन्ही उजवीकडचे. दोन्ही हबपाशी वाकलेल्या जागी तुटलेत. चक्रं सात. एकूण आरे ३६ असावेत, दोनदा मोजले तरी गोंधळ होतोय. सामान: मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअर (दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या), वर तंबू आणि स्लीपिंग बॅग, साधारण २० ते २२ किलो. माझं वजन ८४. पुढे काही नाही. पहिला आरा केळशीहून आंजर्ल्याकडे येताना तुटला, दुसरा धोपाव्याला जेट्टीवरून उतरल्यावर लगेच जो चढ लागतो त्यावर.

सह्यवाट
हेच तर! सगळं वजन मागच्या चाकावर. पॅनिअर हे फॅड आहे. मी १५ वर्षं पाठीवर सॅक घेऊन फिरतोय, एक आरा तुटलेला नाही. सॅक पाठीवर घ्या, प्रश्न मिटला.

गडकरी_चाकं
सह्यवाट, पाठीवर घेतलेलं वजनही शेवटी सीटवरून मागच्याच चाकावर येतं. वर कंबर आणि खांदे जातात ते वेगळंच. वजन कमी करा किंवा पुढे न्या, पण पाठीवर घेऊन चाक वाचत नाही.

सह्यवाट
अनुभव १५ वर्षांचा आहे हो, पुस्तकी नाही.

गडकरी_चाकं
माझाही पुस्तकी नाही, मी हाताने चाकं बांधतो. आरा वजनाने खेचून तुटला असं सगळे समजतात. तसं सहसा होत नाही. चाक फिरताना जो आरा खाली येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर गेला की परत येतो. दर फेऱ्याला एकदा. आरा मुळात सैल बांधलेला असेल तर तो दर फेऱ्याला पार ढिला पडतो आणि हबमधल्या वाकलेल्या जागी थोडा थोडा हलतो. तार हाताने मागेपुढे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त लाखो वेळा. म्हणून तो नेमका वाकड्या जागीच तुटतो. कारखान्यातून आलेली स्वस्त चाकं बहुतेक वेळा सैलच असतात. २२ किलोने ते लवकर उघडं पडलं, एवढंच. आणि लक्षात घ्या, एका बाजूचे दोन गेले म्हणजे त्याच दिवशी बसवलेल्या बाकीच्यांनीही तेवढेच फेरे खाल्लेत.

एकटा_पेडल
म्हणजे अजून तुटणार? मग उद्या निघू की नको, एवढं सांगा.

नेने_सायकलवाले
या अवस्थेत सामानासकट निघू नका. गुहागर ते तवसाळ रस्ता सतत खालीवर आहे. वेळणेश्वर, हेदवी, प्रत्येक गावाला उतार आणि लगेच चढ. ब्रेकला घासणारं चाक घेऊन त्या उतारांवर जाणं धोक्याचं. मागचा ब्रेक सोडून फक्त पुढच्यावर सामान घेऊन उतरलात तर तोंडावर पडाल. मी पडलोय तसा, मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं.

आज रात्री एवढं करा. तुटलेले आरे काढता येत नसतील तर शेजारच्या आऱ्याला दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने घट्ट बांधा, नाहीतर ते डिरेलरमध्ये (साखळी गिअरवर सरकवणाऱ्या भागात) जाऊन मोठं नुकसान करतील. मग चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, कमी करायचा. उजवीकडचा आरा गेला की रिम त्या जागी डावीकडे ओढली जाते. त्या जागेच्या दोन्ही अंगांचे डावे आरे अर्धा अर्धा फेरा सैल करा. टायरच्या बाजूने निपलकडे बघायचं आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं, की सैल होतो. उजवे घट्ट करायला जाऊ नका, त्यांच्यावर आधीच जास्त ताण आलेला आहे. आऱ्याची चावी आहे ना?

एकटा_पेडल
चावी आहे. मल्टीटूलमध्ये आहे. करतो.

एडिनबराचा_मराठी
इकडे स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने उघड्यावर तंबू टाकायचा हक्कच आहे. शेताच्या, घराच्या जवळ नाही, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही आणि जागा जशी होती तशी सोडायची. लॉख लोमंड सरोवराच्या परिसरातल्या काही भागात मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. आपल्याकडे असा कायदा का नाही? तुम्ही तंबू कुठे लावताय?

एकटा_पेडल
काल हर्णैच्या पुढे एका वाडीत, मालकांना विचारून. आज किनाऱ्यावर सुरूच्या बनात लावायचा विचार आहे. पण प्रश्न चाकाचा आहे.

कासवमित्र_रत्नागिरी
थांबा, हे मी सोडू शकत नाही. जानेवारी चालू आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वनविभागाची हॅचरी (अंडी जपून ठेवायची जागा) आहे तिथे. मादी रात्री येते आणि किनाऱ्यावर उजेड किंवा हालचाल दिसली की अंडी न घालताच पाण्यात परत जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा समुद्रावरच्या उजेडाकडे निघतात, तुमच्या तंबूतला दिवा त्यांना उलट दिशेला नेतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात या कासवाला सर्वांत वरचं संरक्षण आहे. वेळास गावात आमच्या माहितीतल्या लोकांनी २० वर्षांहून जास्त काळ रात्री जागून हे काम उभं केलंय. हात जोडून सांगतो, किनाऱ्यावर तंबू नको, शेकोटी तर अजिबातच नको.

एकटा_पेडल
हे खरंच माहीत नव्हतं. नाही लावणार. मग कुठे लावू?

दर्यावर्दी
देवळात विचारा. गुरवांना किंवा पुजाऱ्यांना सरळ सांगायचं की सायकलवर आलोय, सभामंडपात रात्र काढू का. बहुतेक जण हो म्हणतात. नाहीतर शाळेचा व्हरांडा, पण त्यासाठी सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घालायचं. अंधार पडायच्या आधी विचारायचं हे महत्त्वाचं. रात्री नऊला अनोळखी माणूस अंगणात आला तर कुणीही दचकणार. आणि पुळणीवर तंबू टाकणाऱ्यांना अजून एक सांगतो: भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. संध्याकाळी पाणी लांब दिसलं म्हणून पहाटे लांबच असेल असं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नाहीच नाही.

सह्यवाट
घरगुती खोली स्वस्तात मिळते, तंबू न्यायचाच कशाला? साडेतीन किलो तिथेच वाचले असते.

एकटा_पेडल
सह्यवाट, मला तंबूतच राहायचं आहे. त्यासाठीच निघालोय. वर्षभर बंद खोलीत काम करतो मी.

नेने_सायकलवाले
मूळ मुद्द्यावर या. सात चक्रं म्हणजे बहुतेक फ्रीव्हील (हबवर आट्याने फिरवून बसवलेला चक्रांचा गठ्ठा) आहे, कॅसेट (हबवर सरकवून बसवलेली चक्रं) नाही. दोन्हींचं काढायचं हत्यार वेगळं. उजवीकडचा आरा घालायचा तर फ्रीव्हील उतरवावंच लागतं, कारण हबची भोकं त्याच्या मागे लपलेली असतात. गावातल्या दुकानदाराने नाही म्हटलं ते याचमुळे, त्याच्याकडे ते हत्यार नसेल. चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, तिथे गिअरच्या सायकलींची कामं होतात. चाक काढून पोत्यात घाला आणि एसटीने न्या. पूर्ण सायकल न्यायची गरज नाही. तुटलेला आरा निपलसकट खिशात ठेवा, लांबी आणि जाडी त्यावरूनच जुळेल.

गडकरी_चाकं
चिपळूणला जाण्यात अख्खा दिवस मोडेल. एक जुना उपाय आहे. साध्या काळ्या सायकलींचं काम करणारे वयस्कर मिस्त्री शोधा. तयार आऱ्याचं डोकं छाटायचं आणि ते टोक इंग्रजी झेड अक्षरासारखं दुहेरी वाकवायचं. मग तो हबच्या भोकात बाहेरूनच अडकवता येतो, फ्रीव्हील उतरवावं लागत नाही. या वाकवण्यात लांबी खर्च होते, म्हणून मूळ आऱ्यापेक्षा थोडा लांब आरा लागतो. जाडी मात्र तीच हवी, नाहीतर निपल बसणार नाही. हे तात्पुरतं आहे, पण मी यावर स्वतः २०० किलोमीटर गेलोय.

नेने_सायकलवाले
तात्पुरतं म्हणजे अगदीच तात्पुरतं. मी कुणाला हा सल्ला देणार नाही. ताण पडला की तो झेड सरळ व्हायला बघतो.

गडकरी_चाकं
सामान कमी केलं तर नाही होत. आणि काका, तो एकटा आहे, रजा मोजकी आहे. रत्नागिरीपर्यंत पोचला तरी पुरे, तिथे चाक नव्याने बांधून घेईल.

नेने_सायकलवाले
रत्नागिरीपर्यंत ठीक. पुढे नाही.

बुलेटराजा
रत्नागिरीला गेलात की आरे-वारेचा रस्ता चुकवू नका. वरून दोन्ही किनारे दिसतात.

एकटा_पेडल
(दुसऱ्या दिवशी रात्री)
काल उत्तर देता आलं नाही, फोन बंद पडला. रात्री एका देवळाच्या ओवरीत झोपलो, पुजाऱ्यांनी सकाळी चहा-पोहेही दिले. त्यांनीच एका मिस्त्रींचं घर दाखवलं. सत्तरीचे असतील. दुकान बंद केलंय, हत्यारं घरात आहेत. गडकरींनी लिहिलेलं मी वाचून दाखवायला लागलो तर अर्ध्यातच त्यांनी तार हातात घेतली होती. दोन आरे वाकवून बसवले आणि मग चाक उलट्या सायकलवर फिरवत प्रत्येक आरा बोटाने वाजवून बघितला. सैल असला की आवाज भसाडा येतो, हे त्यांनी मला ऐकवलं. उजवीकडचे नऊ आरे सैल निघाले. पैसे घेत नव्हते, बळेच दिले.

तंबू, स्टोव्ह आणि जाड कपडे एसटी पार्सलने घरी पाठवले. आता सामान १३ किलो, त्यातलं चार किलो हँडलला पुढे बांधलंय. तंबू गेल्याचं वाईट वाटलं. उतारांवर बऱ्याच ठिकाणी उतरून चाललो. तवसाळची जेट्टी दुपारी पकडली, आत्ता गणपतीपुळ्याला आहे. चाक घासत नाहीये.

नेने_सायकलवाले
बरं झालं. रत्नागिरीला सगळे उजवे आरे बदलायला सांगा, दोनच नाही. आणि बांधून झाल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा परत ताण बघा.

एकटा_पेडल
हो. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतो: मिस्त्रींनी मोजलं तेव्हा उजवीकडचे आरे २९० मिलिमीटर आणि डावीकडचे २९२ निघाले. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी दोन्ही मापांचे तीन-तीन आरे सीटखालच्या नळीत घालून नेणार.

दर्यावर्दी
पावस, पूर्णगड, कशेळी करून जैतापूरला याल तेव्हा कळवा, पुढे विजयदुर्गला ओळखीचं घर आहे. अंगणात जागा आहे, पण आता तंबू नाही ना तुमच्याकडे?

एकटा_पेडल
नाही. पण चटई आणि मच्छरदाणी ठेवलीय. अंगण चालेल.