एका विषयासाठी अख्खं वर्ष? चार वर्षांच्या इंजिनीअरिंगला पाच का लागतात

पिंपळावरचा मुंजा
माझा मावसभाऊ पुण्यात मेकॅनिकलला. सेकंड इयर सुटलं, पण फर्स्ट इयरचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिला. पासिंग 40, याला 36. झाली वायडी, म्हणजे इयर डाउन! फर्स्ट इयर ऑल क्लिअर नसेल तर थर्ड इयरला घेत नाहीत, हा जुनाच नियम. आता एका पेपरापायी पोरगं रूमवर बसून. मेसवाला पैसे सोडतो होय? मावशी गावात सांगते, "प्रोजेक्ट चाललाय." विषय राहू द्या, वर्ष कशाला अडवता?

खडूची पूड
सोळा वर्षं शिकवतोय. डिफरन्शियल इक्वेशन येत नसेल तर पुढे व्हायब्रेशन्समध्ये काय डोंबल कळणार? आणि तो पेपर त्याला आतापर्यंत निदान तीनदा मिळालाय. दर वेळी सबमिशन संपल्यावरच पुस्तक उघडलं असणार.

पिंपळावरचा मुंजा
उघडलं असेल उशिरा. पण रिव्हॅलचा, म्हणजे पेपर फेरतपासणीचा, निकाल पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर आला, त्याचं काय?

लोकल 8.12
निकालाचं तर बोलूच नका. 2017 ला मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि निकाल महिनोन्महिने रखडले. शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. पोरांचं वर्ष नेहमी पोरांमुळेच जातं असं नाही.

डिप्लोमावाली
मी डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आले. एम-वन, एम-टू झालेलेच नव्हते आणि समोर एम-थ्री, लाप्लाससकट! तो सुटेना म्हणून फायनल इयरच्या दारात वर्ष गेलं. सरांचं एक पटतं, त्या वर्षात गणित खरंच शिकले. पण वायडी झालं की तुम्ही कॉलेजचे कुणीच नसता. बोनाफाईड नाही, म्हणून बसचा पास नाही. हॉस्टेल सुटलं. लायब्ररीत बसायलासुद्धा मैत्रिणीचं कार्ड! अभ्यास करायला वर्ष देता, मग बसायला जागा तरी द्या.

लोकल 8.12
+1. वर कॅम्पसला कंपन्या गॅप विचारणार. तिकडे यूजीसीच्या 2021 च्या क्रेडिट बँकेत पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स सात वर्षं टिकतात म्हणे.

खडूची पूड
लायब्ररीचं मान्य, चूक आमचीच. मार्कांचं नाही. उद्या याने बांधलेल्या पुलावरून मला जायचंय.

पिंपळावरचा मुंजा
सर, मेकॅनिकलवाले पूल बांधत नाहीत.

खडूची पूड
बरं, लिफ्टने जायचंय म्हणा.