मदत हवी आहे: हायबरनेटच्या प्रॉक्सीवर इन्स्टन्सऑफ फॉल्स देतं

जावा १७, हायबरनेट ५.६ (डेटाबेसच्या ओळी जावा ऑब्जेक्ट म्हणून देणारी लायब्ररी). पेमेंट हा अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, त्याखाली कार्डपेमेंट आणि यूपीआयपेमेंट. सगळं एकाच टेबलात. ऑर्डरमधलं पेमेंट लेझी आहे, म्हणजे गरज पडेल तेव्हाच लोड होतं आणि त्याच्या जागी हायबरनेट प्रॉक्सी (बदली ऑब्जेक्ट) ठेवतं.

डेटाबेसमधली ओळ कार्डचीच आहे, तरी इन्स्टन्सऑफ कार्डपेमेंट (ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का, ही तपासणी) फॉल्स येतं आणि थेट कास्ट केलं की क्लासकास्टएक्सेप्शन. गेटक्लास छापून पाहिलं, नावात हायबरनेटप्रॉक्सी दिसतं. म्हणजे प्रॉक्सी पेमेंटचा सबक्लास आहे, कार्डपेमेंटचा नाही, इथवर कळलं.

ईगर (ऑर्डरसोबतच पेमेंट लोड) केलं की चालतं, पण ऑर्डरच्या यादीला ते परवडत नाही. प्रॉक्सीमागचा खरा ऑब्जेक्ट देणारं हायबरनेट डॉट अनप्रॉक्सीही चालतं, फक्त ते सर्व्हिस लेयरभर पेरत बसावं लागतं आणि एक जागा सुटली की पुन्हा तेच रडगाणं. क्लासच्या नावाची स्ट्रिंग तुलना कृपया सुचवू नका. टेबल आणि हायबरनेटची आवृत्ती बदलता येणार नाही, एंटिटीत मेथड घालायला हरकत नाही.

आता व्हिजिटर पॅटर्नचा विचार आहे, म्हणजे प्रत्येक सबक्लास आपल्या अ‍ॅक्सेप्ट मेथडमधून स्वतःच्या प्रकाराचं काम बोलावेल. अ‍ॅक्सेप्ट मेथड प्रॉक्सीवर बोलावली तर आतला धिस खरा कार्डपेमेंटच मिळेल ना? आणि प्रत्येक सबक्लासमध्ये ती फायनल ठेवली तर चालेल, की प्रॉक्सी तिथेही घोळ घालेल?