उगम सोडून जाणार कुठे?
झरा आटू लागला तर त्यातल्या गोगलगायी प्रवाहासोबत खाली सरकतील, असं काहींना वाटतं. तसं होत नाही हो. अमेरिकेतल्या वाळवंटी झऱ्यांमधल्या पिर्गुलोप्सिस नावाच्या गोगलगायी जेमतेम १ ते ८ मिलिमीटरच्या, श्वास कल्ल्यांनी घेतात. कोरडं पडलं की संपल्या. बहुतेक उगमालगतच सापडतात, कारण तिथलं तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. तिथला एखादा दगड उलटून पाहिला, तर बुळबुळीत शेवाळाच्या थरावर चरणारे काळपट ठिपके दिसतात. (दगड परत तसाच ठेवा, कळकळीची विनंती!) अमेरिकेच्या आयडाहो राज्यात ब्रुनो नदीकाठच्या गरम झऱ्यांतली यांची एक जात १९९३ साली संकटग्रस्त ठरली. मुख्य कारण शेतीसाठी होणारा भूजलाचा उपसा. झरे तुडवणारी गुरं कुंपण घालून अडवता येतात, पण लांबच्या बोअरवेलचं काय करणार? मला तीच खरी धास्ती वाटते.