मदत हवी आहे: आईच्या कवळीला इम्प्लांटचा आधार घ्यावा का?

रानजाई: आईची कवळी चावताना हलते. भाकरी सोडलीय तिने, मऊ भातावर आहे. कोथरूडचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही बाजूंना एकेक इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, टाकू आणि त्यावर काढता-घालता येणारी कवळीच बसवू. इम्प्लांट करायचं तर पुन्हा कवळी कशाला? शनिवारपर्यंत कळवायचंय. पटकन सांगा.

पेठकर: सरळ फिक्स, न निघणारे दात करा. माझे सगळे फिक्स आहेत, ऊस सोलून खातो. अर्धवट कामात पैसे घालू नका.

मुळाकाठ: कवळी वरची की खालची? स्वतःचे दात किती उरलेत? वय? शुगर?

रानजाई: खालची. पुढचे दात आहेत. शुगर नाही.

साधीमाणसं: फ्लेक्झिबल, म्हणजे लवचिक कवळी करून घ्या. तार नाही, टोचत नाही, माझ्या सासूबाई खूश आहेत.

दंतवेल: मी प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात बसवणारी डेंटिस्ट आहे. आईंना न तपासता निदान करणार नाही, पण कवळी का हलते ते सांगते. मागच्या दाढा दोन्हीकडे नसतील तर कवळीला पुढे दाताचा आधार असतो आणि मागे नुसती हिरडी. हिरडी दबते, दात तेवढा दबत नाही. मग प्रत्येक घासाला मागचं टोक खाली जातं आणि ज्या दाताला क्लॅस्प (कवळीची पकड) अडकवलाय तो ओढला जातो. केनेडीने १९२५ साली केलेल्या वर्गीकरणात हा पहिला वर्ग, आणि आमच्यासाठी अवघड. मागे एकेक इम्प्लांट टाकला की तिथेही टेकू मिळतो. वर नुसती टोपी ठेवता येते किंवा लोकेटर बसवतात, तो बटणासारखा टक् करून लागतो. त्यातली नायलॉनची चकती झिजते, अधूनमधून बदलावी लागते. फ्लेक्झिबलला दातावर टेकू नसेल तर ती हिरडीत आणखी रुतते, म्हणून अशा ठिकाणी मी ती देत नाही.

साधीमाणसं: सासूबाईंना काही त्रास नाही हो. डॉक्टर लोकांना महागाचंच सुचतं.

दंतवेल: त्यांच्या मागे दाढ शिल्लक असेल तर गोष्टच वेगळी. पेठकर, सगळं फिक्स करायला इम्प्लांट जास्त लागतात. खाली हाड झिजलं असेल तर जबड्यातली नस जवळ येते. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन पाहिल्याशिवाय कोणीच ठरवू नये.

गोडेतेल: रोज सकाळी तिळाच्या तेलाचा गंडूष, म्हणजे तेल तोंडात धरून ठेवायचं. हिरड्या घट्ट होतात म्हणे.

मुळाकाठ: दात पडलेत हो तिथले. रानजाई, वय सांगितलं नाहीत. हाडांसाठी काही औषध चालू आहे?

रानजाई: ७१. गोळ्या नाहीत. वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन असतं, त्याचा दातांशी काय संबंध?

दंतवेल: फार मोठा संबंध आहे. नाव बघा. झोलेड्रॉनिक ॲसिड असेल तर जबड्याचं हाड नीट न भरण्याचा धोका असतो. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) डोसला तो कमी असतो, पण किती वर्षं चालू आहे, शेवटचं कधी घेतलं, हे ड्रिल लावण्याआधी डेंटिस्टला कळलंच पाहिजे. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. इंजेक्शन आपल्या मनाने थांबवू नका, मणका किंवा खुबा मोडला तर ते दातांहून वाईट.

रानजाई: झोलेड्रॉनिकच आहे. डॉक्टरांनी विचारलंच नाही!

पेठकर: दुसरं मत घ्याच. धनकवडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे. खाजगीपेक्षा स्वस्त पडेल. सकाळी लवकर जा, आणि रिक्षाने, कात्रज रस्त्याला गाडी घेऊन अडकू नका.

मुळाकाठ: वडगावला सिंहगडचंही आहे, कोथरूडहून बरं पडेल.

पेठकर: नवले पुलाचं ट्रॅफिक पाहिलंय का?

रानजाई: रस्ते नंतर. शनिवारी नाही सांगते. पण हे सगळं होईपर्यंत तिने खायचं काय? आहे ती कवळी तशीच हलू द्यायची?

दंतवेल: आतून रिलायनिंग करून घ्या, म्हणजे हिरडीच्या बाजूने नवा थर. त्याला ड्रिल लागत नाही. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायला सांगा, आणि क्लॅस्पचा दात हलतोय का तेही त्याच वेळी बघून घ्या. तो दात गेला तर पुढचा सगळा बेत बदलतो.