मदत हवी आहे: पुरंदरची पाच एकर ज्वारी-बाजरी, पुण्यात थेट विकायची आहे

नमस्कार मंडळी,

पुरंदर तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. खरिपात बाजरी, रब्बीत मालदांडी ज्वारी. विहीर संक्रांतीपर्यंत साथ देते, म्हणून उसाच्या वाटेला गेलो नाही. मी हडपसरला नोकरी करतो. शेत अण्णा आणि आई बघतात, मी शनिवार-रविवार जातो.

यंदा ज्वारीचा दाणा टपोरा होता. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, मूठभर दाणे तळहातावर फिरवले आणि हमीभावाच्या (2025-26 साठी मालदांडीला क्विंटलमागे 3,749 रुपये) बराच खाली भाव सांगितला. अण्णांनी काही न बोलता पोती उतरवून दिली. घरी येईपर्यंत ते गप्पच होते. कडबा विकला गेला म्हणून वर्षाचा हिशोब कसाबसा जुळला.

तेव्हापासून वेगळं काय करता येईल ते शोधतोय. खपली गव्हाला भाव चांगला, पण त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, साध्या मळणीत सुटत नाही, वेगळं यंत्र लागतं. शिवाय त्याला शेवटपर्यंत पाणी द्यायला आमच्याकडे नाही. हुरड्यासाठी गूळभेंडी किंवा सुरती ही ज्वारीची वाणं लावता येतील, पण कणीस दुधाळ असण्याचे दिवस मोजकेच, त्यामुळे थोडं थोडं टप्प्याने पेरावं लागतं. शहरातली माणसं शेतावर बोलवायची तर त्यांची सगळी उठबस आई-अण्णांवर पडेल. या वयात ते मला नको आहे.

माझा जीव अडकलाय तो ताज्या पिठात. आई नेहमी सांगते, ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. बाजरीचं पीठ तर आठवडाभरात कडवट लागायला लागतं. दुकानातलं पाकीट कधी दळलंय कोणाला माहीत! म्हणून गुरुवारपर्यंत मागणी घ्यायची, शुक्रवारी दळायचं, रविवारी घरपोच द्यायचं. आमच्याच सोसायटीत बारा घरांत दोन महिने करून पाहिलं, नऊ घरं अजून घेतात. एका आजींनी फोन करून सांगितलं की बऱ्याच वर्षांनी भाकरी टम्म फुगली. तो फोन मी अण्णांनाही ऐकवला.

आता अडचणी. सध्या गावातल्या गिरणीत दळतो. तिथे आधीच्या गव्हाचं पीठ जात्यात राहतं. दोन घरांत गहू वर्ज्य आहे, त्यांना मी काय तोंडाने देऊ? स्वतःची चक्की घ्यावी का, आणि आठवड्याला साधारण किती किलो गेलं तर ती परवडते? प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतलं 35 टक्के अनुदान चक्कीसाठी कोणी घेतलंय का? बँकेत किती चकरा माराव्या लागल्या? अन्न परवाना एकट्या शेतकऱ्याच्या नावावर काढलात की शेतकरी गटाच्या?

आणि साठवण. कडुलिंबाचा पाला घालूनही पावसाळ्यात दाण्याला कीड लागतेच. हवाबंद पिशव्या वापरणाऱ्यांनी कृपया खरा अनुभव सांगा, ज्वारी दिवाळीपर्यंत टिकते का?

हस्त नक्षत्रात ज्वारीची पेरणी. त्याआधी अण्णांना सांगायचंय की यंदा सगळी ज्वारी घरी ठेवायची की निम्मी परत बाजारात न्यायची.